वेणीचं गाणं ठरलं तेव्हा

मामांनी स्वतः सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा आमच्या नातलगांत कोणालाच ते खरं वाटलं नाही. ते वितरक होते. नागपुरात सीताबर्डीवर त्यांचं एक लहानसं ऑफिस होतं आणि तिथून सिनेमाच्या पेट्या रेल्वेच्या पार्सलने वर्ध्याला, गोंदियाला, चांद्याला जायच्या. दुसऱ्यांचे सिनेमे गावोगाव पोचवण्यात त्यांची उमर गेली होती. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. एका दिवाळीत फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं की आता आपला मराठी सिनेमा निघणार, गोष्ट आपल्याकडचीच असणार आणि गाण्यांच्या चाली नागपुरात, त्यांच्याच घरी बसून बांधल्या जाणार. मामींनी ताटात आणखी एक करंजी वाढली.

मी तेव्हा महाल भागातल्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते. अधूनमधून रेडिओवर गायला बोलावणं यायचं, त्यामुळे नात्यात मला गाणारी म्हणून थोडा मान होता. मामांनी मला बोलावलं ते मात्र पडद्यासाठी गायला नव्हे. मुंबईहून येणारे संगीतकार स्वतःच्या घोगऱ्या आवाजात चाल म्हणून दाखवत आणि बाईच्या तोंडचं गाणं त्यांच्या गळ्यातून ऐकून कोणालाच काही कळत नसे. सिनेमात गाणार होत्या त्या बाई फार मोठ्या. त्या थेट रेकॉर्डिंगच्या दिवशी येणार. तोवर चाल कशी वाटते हे ऐकवायला एक बायकी गळा हवा होता. माझ्या सासूबाईंनी मामांचंच घर म्हणून हरकत घेतली नाही. शाळा सुटली की मी महालातून सायकलरिक्षाने धंतोलीला मामांकडे जाऊ लागले.

वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सतरंज्या आणि गाद्या घातल्या होत्या. संगीतकार पन्नाशीचे, ठेंगणे गृहस्थ. नागपूर म्हणजे ऊन एवढंच त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पौषातल्या थंडीने ते चकित झाले होते आणि मामांचा स्वेटर गळ्यापर्यंत बटणं लावून बसत. समोर संत्र्यांची परडी असे. फोडी खायच्या, धोतराला हात पुसायचा आणि पुन्हा पेटीवर बोटं ठेवायची, असं त्यांचं चाले. दिग्दर्शक पुण्याचा, तरुण, उंचापुरा मुलगा. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचा. शब्द लिहिणारे इथल्याच एका कॉलेजात शिकवत होते. ते गाण्याचे कागद देऊन गेले की बहुधा येत नसत.

मी शास्त्रोक्त गाणं शिकलेली. चाल बांधणं म्हणजे राग निवडायचा, ताल निवडायचा आणि त्यात शब्द बसवायचे, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दुपारी ती समजूत गेली. संगीतकारांनी कागद हातात घेतला आणि ते ओळ नुसती बोलू लागले. एखादी बाई शेजारणीला काही सांगते तशी. एकदा रागावून, एकदा थकून, एकदा दुसऱ्याच कोणाचा तरी विचार करत. खूप वेळ ते पेटीला शिवलेच नाहीत. मग मला म्हणाले, "बाई, बोलताना आवाज जिथे आपोआप वर जातो तिथे गाण्यात त्याला अडवायचं नाही. माझं एवढंच काम." इतकं साधं सांगून ते पेटीकडे वळले, आणि जी ओळ आत्ता बोलणं होती ती माझ्यासमोर गाणं झाली. रोज शाळेत गाणं शिकवणाऱ्या मला गाणं कुठून निघतं हे कधी दिसलंच नव्हतं.

सिनेमातली बाकीची गाणी तशी सहज ठरली. अडलं ते वेणीच्या गाण्यापाशी. प्रसंग असा होता: सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघालेली आहे आणि निघण्याआधी सासू तिची वेणी घालते आहे. सासूला स्वतःला माहेर नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली. ती सुनेला काहीच सांगत नाही, नुसती गुणगुणते. गाण्याची पहिली ओळ होती, "वेणी घालता घालता बाई, वाट गुंतली केसांत."

या ओळीला संगीतकारांनी किती चाली लावल्या ते मला सांगता येणार नाही. मी म्हणून दाखवायची, दिग्दर्शक डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "छान आहे." दोन-तीन दिवसांत आम्हांला सगळ्यांना कळून चुकलं की छान आहे म्हणजे नको. संगीतकार चिडत नसत. फार तर एखादं संत्रं सोलायला घेत आणि ते पूर्ण सोलून होईपर्यंत कोणाकडे बघत नसत.

शेवटी त्यांनी एक चाल बांधली, तिच्यावर त्यांचा फार जीव होता. भरदार, वळणावळणाची चाल. म्हणायला अवघड आणि ऐकायला दिमाखदार. ती मी म्हटली तेव्हा मामा मान डोलावू लागले, शब्द लिहिणारे प्राध्यापक योगायोगाने आले होते ते वाहवा म्हणाले. दिग्दर्शक म्हणाला, खरोखर छान आहे, पण ही सासू गाणं शिकलेली वाटते.

दुसऱ्या दिवशी मला सर्दी झाली. नाक चोंदलेलं आणि गळा बसलेला. सासूबाईंनी आल्याचा चहा दिला आणि आज राहू दे म्हणाल्या, पण मी गेले. मामांनी जिन्यातच विचारलं, "काहून वं, आवाज बसला काय?" मी मान हलवली. वर गेल्यावर संगीतकारांनी वेणीचं गाणं बाजूला ठेवलं. हुरड्याच्या प्रसंगातलं मुलींचं एक धावतं, खट्याळ गाणं त्यांनी सकाळी बांधलं होतं. तबला वाजवणाऱ्यांना कळावं म्हणून तेवढं एकदा म्हणा, हळू म्हटलं तरी चालेल, असं ते म्हणाले.

माझी पट्टी काळी पाच. त्या दिवशी काळी दोनच्या वर जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी पेटीवर सूर खाली घेतला. दमही पुरेना, म्हणून मी ते धावतं गाणं अगदी सावकाश म्हणू लागले, आणि नाक बंद असल्यामुळे ओळीच्या मध्येच एका ठिकाणी मला तोंडाने श्वास घ्यावा लागला. तिथे थांबायची जागा नव्हती. मी ओशाळून पुढे निघाले, तोच संगीतकारांनी हात वर केला. मला वाटलं मला थांबवताहेत. ते तबला थांबवत होते. मी गात राहिले. ओळ संपल्यावर त्यांनी वेणीच्या गाण्याचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आता हे शब्द घाला. तसंच, श्वास घेत."

शब्द बसले. ओढूनताणून नव्हे, पाण्यात पाय सोडावे तसे बसले. माझा श्वास 'बाई' या शब्दानंतर आला आणि तेवढ्या जागेत त्या न दिसणाऱ्या सासूचा हात सुनेच्या केसांत थांबला आहे, असं मलाच गाता गाता दिसलं. सकाळी जी चाल हुरडा खाणाऱ्या मुलींची होती, ती हीच यावर विश्वास बसेना. एक सूर बदललेला नव्हता. दिग्दर्शक सरळ उठून बसला होता. तो छान आहे म्हणाला नाही. फक्त म्हणाला, पुन्हा.

आता दोन चाली झाल्या आणि मतं फुटली. दिग्दर्शकाला दुसरी हवी होती. संगीतकारांचं मन पहिलीतच होतं. दुसरी मी बांधलीच नाही, ती बाईंच्या सर्दीने बांधली, असं ते हसून म्हणत. पण त्या हसण्यात थोडी खंतही होती. प्राध्यापकांना पहिलीत आपले शब्द अधिक भारदस्त वाटत होते. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. पहिली गायला मला आवडायचं. दुसरी गाताना मी गाते आहे हेच विसरायला व्हायचं.

निर्णय मामांवर आला. ते म्हणाले, "मले गाण्यातलं काही समजत नाही. मले पब्लिक समजते. पण पब्लिकले विचारायचं नसते. विचारलं का मानूस शहाणपणा सांगते." त्यांनी मामींना संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा वरच्या हॉलमध्ये करायला सांगितलं.

तसं ते झालं. धंतोलीतल्या, शेजारच्या, ओळखीच्या बायका आल्या. हॉलमध्ये अत्तर आणि गजऱ्यांचा वास, तिळगुळाच्या वड्या, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, आणि बायकांचं जे बोलणं अशा वेळी चालतं ते. मामींनी मला बजावून ठेवलं होतं की कोणाले काही सांगू नको, नुसतं म्हण. हळदीकुंकवाला गाणाऱ्या बाईला गाणं म्हणायला लावतातच, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटणार नव्हतं. आतल्या खोलीच्या पडद्यामागे मामा, संगीतकार आणि दिग्दर्शक बसले होते.

माझा गळा तोवर बरा झाला होता. मी आधी दिमाखदार चाल म्हटली. चांगली म्हटली. दोन-तीन जणींनी कौतुक केलं, एकीने माझ्या गुरूंचं नाव विचारलं. बोलणं मधूनमधून चालूच होतं आणि त्यात काही वावगं नव्हतं. गाणं सुरू असताना वाण घेणं, पदर सावरणं, पोराला दटावणं हे सगळं होतच असतं. मग मी थोडी थांबले, पट्टी खाली घेतली आणि दुसरी चाल धरली. सर्दी गेली होती, पण श्वास मी तिथेच घेतला.

मामी तेव्हा एका बाईंना कुंकू लावत होत्या. त्यांचं बोट त्या बाईंच्या कपाळाशी पोचलं आणि तिथेच राहिलं. त्या बाईही तशाच, किंचित पुढे झुकलेल्या. कोणीतरी वाट्या मोजत होतं ते थांबलं. पूर्ण शांतता झाली असं मी म्हणणार नाही, खाली रस्त्यावर सायकलच्या घंट्या वाजत होत्या. पण हॉलमधल्या सगळ्या बायका जणू एकाच वेळी कुठेतरी निघून गेल्या आणि मी रिकाम्या हॉलमध्ये गाते आहे असं वाटलं. मला भीती वाटली. इतक्या बायकांना आपण कुठे पाठवलं आणि त्या परत कशा येणार, अशी काहीतरी ती भीती होती. गाणं संपलं तेव्हा कौतुक कोणीच केलं नाही. मामींनी कुंकू टेकवलं.

मग कोपऱ्यातून एक म्हातारी बाई बोलली. पलीकडच्या गल्लीत लेकाकडे राहणारी, मूळची उमरेडकडच्या खेड्यातली. सगळे तिला आजी म्हणत. ती म्हणाली, "हे तं आमच्या माहेरचं गाणं आहे. माही माय म्हणे हे. तुले कुठं भेटलं वं?"

मी काही बोलणार तोच पडद्यामागे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

बायका गेल्यावर संगीतकार बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दिग्दर्शक आनंदात होता, मामा तर ठरलं असंच धरून बसले होते, पण संगीतकार खालमानेने येरझारा घालू लागले. आपल्या हातून चोरी झाली, असं त्यांच्या मनाने घेतलं. इतक्या ठिकाणी फिरलो, इतकं ऐकलं, कुठेतरी हे कानात राहिलं असणार आणि मी ते आपलं म्हणून बांधलं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मामांनी समजूत घातली की खेड्यातल्या गाण्याला कोणी मालक नसतो. ते ऐकेनात. ते गाणं ऐकल्याशिवाय मी ही चाल देणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी, मी आणि संगीतकार आजींकडे गेलो. त्या अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होत्या. मुंबईचे पाहुणे आपलं गाणं ऐकायला आले आहेत हे कळल्यावर त्यांना संकोच वाटला नाही, आनंदच झाला. त्यांनी हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि आईचं गाणं म्हटलं.

ते गाणं निराळंच होतं. चाल वेगळी, ठेका वेगळा, शब्दांत वेणीही नव्हती, माहेरही नव्हतं. भाऊ बैल घेऊन बाजाराला जातो असं काहीतरी होतं. ओढूनताणूनही दोन्ही गाण्यांत एक सूर सारखा निघाला नसता. मी संगीतकारांकडे पाहिलं. ते अगदी स्थिर बसून ऐकत होते.

गाणं संपल्यावर मामींनी हळूच विचारलं, "आजी, काल हिनं म्हटलं ते हेच होतं?"

"हेच तं होतं," आजी म्हणाल्या. "माही मायच आठवली मले. हिचा आवाज जरासा येगळा आहे, एवढंच."

संगीतकार उठले आणि त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला. आजींना तो का ते समजलं नाही. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला आणि सोललेल्या लसणाची मूठ मामींच्या हातावर ठेवली. परत येताना संगीतकार गल्लीच्या तोंडाशी थांबले. मग मला म्हणाले, "बाई, नुकती बांधलेली चाल जिला तिच्या आईची वाटते, तिला मी आता माझी कशी म्हणू? मघाशी भीती वाटत होती ती वेगळी. आता वाटते ती वेगळी." घरी पोचल्यावर त्यांनी आपल्या लाडक्या चालीचा कागद घडी करून पेटीच्या खणात टाकला आणि मामांना सांगितलं, हे गाणं ठरलं.

रेकॉर्डिंग मुंबईला झालं. मला चला म्हणाले होते, पण शाळेच्या परीक्षा होत्या. उन्हाळ्यात मामा रेकॉर्ड घेऊन आले आणि आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो. त्या मोठ्या बाईंचा आवाज सुरू झाला. खरं सांगते, मला हेवा वाटेल अशी मला धास्ती होती. हेवा वाटायला आपण जवळपास तरी असावं लागतं. मी ज्या वाटेने रोज गेले होते तिच्यावरून कोणीतरी पाऊल न टेकवता चाललं होतं. आणि 'बाई' या शब्दानंतर त्यांनी श्वास घेतला. लहानसा, ऐकू येईल न येईल असा. त्यांना सर्दी नव्हती. संगीतकारांनी तो तसाच बांधून ठेवला होता आणि त्यांनी तो घेतला, एवढंच. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी रेकॉर्डकडे बघत राहिले.

सिनेमा फारसा चालला नाही. नागपुरात बरा गेला, बाहेर लवकरच थेटरातून उतरला. मामांनी ते मनाला लावून घेतलं नाही. पुन्हा दुसऱ्यांच्या पेट्या पाठवू लागले. पण गाणं राहिलं. सिनेमा थेटरातून गेल्यावरच ते पसरू लागलं, आधी रेडिओच्या फर्माइशींत, मग लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर, पाठवणीच्या वेळी. मी एकदा महालातून शाळेत जात होते तेव्हा एका घराच्या खिडकीतून ते ऐकू आलं. आत कोणी बाई भांडी घासत म्हणत होती. तिचे शब्द अर्धे चुकीचे होते. चालीचा एकही सूर चुकला नव्हता. मी घंटा होईल याचं भान सोडून त्या खिडकीखाली उभी राहिले. तिला ना सिनेमा माहीत असेल, ना संगीतकार, आणि मी खाली उभी आहे हे तर नाहीच. तरी ते गाणं आता तिचं होतं.

संगीतकार पुन्हा नागपूरला आले ते ऐंशीच्या आसपास, कुठल्याशा कार्यक्रमाला. थकले होते. त्यांचं काम कमी झालं होतं. परतीच्या गाडीवर त्यांना सोडायला मामांबरोबर मी स्टेशनवर गेले. गाडी यायला उशीर होता आणि आम्ही बाकावर बसून बोलत होतो. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. पुढच्या गाण्यांच्या वेळी त्यांनी काय केलं, असं गाणं ओळखायचं कसं, असं काहीतरी.

ते म्हणाले की त्यानंतर त्यांनी तेच सगळं करून पाहिलं. धावत्या चाली सावकाश म्हणून पाहिल्या, घरातल्या बायकांना न सांगता ऐकवल्या, एकदा तर एका म्हाताऱ्या बाईंना मुद्दाम बोलावून बसवलं. काही गाणी ठरली, काही लोकांना आवडलीही, पण तसं पुन्हा झालं नाही. "मला वाटलं होतं मी शिकलो," ते म्हणाले. "पण ते शिकता येत नाही, बाई. आलं तर आपण त्या खोलीत असावं, एवढंच आपल्या हातात असतं. आपण होतो."

हे सांगताना त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. घरी कोणीतरी थोर येऊन गेल्याचं माणूस सांगतो, तसं ते सांगत होते. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली. गाडी लागली. आम्ही त्यांची पेटी आणि वळकटी आत चढवली आणि ते खिडकीशी बसले. प्लॅटफॉर्मवरच्या गलक्यात ते अजून काही बोलले, मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली, त्यांनीही हलवली, आणि गाडी निघाली.